डावीकडे काय दिसतंय

सां-मार्सोल गावात एल्वा देलब्रेयला न ओळखणारं माणूस सापडणं कठीण. तेवीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली. सेले नदीच्या खोऱ्यातली आणि वरच्या चुनखडीच्या माळावरली पोरं सकाळी गोळा करायची, संध्याकाळी ज्याच्या त्याच्या दारात सोडायची. कुठल्या वळणावर जानेवारीत बर्फ धरतं, कुठल्या शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टर अचानक आडवा येतो, सगळं त्याला पाठ. पन्नाशी गाठली आणि नजरेच्या कडा काळ्या पडू लागल्या. आधी वाटलं, चष्मा बदलला की होईल. मग जग नळीतून पाहिल्यासारखं दिसायला लागलं, आणि चार वर्षांत ती नळीही बुजली.

त्याची बायको जिस्लेन तेव्हा मेअरच्या कचेरीत कामाला होती. बाई कमी बोलणारी, पण मनात घेतलं की करणारी. एल्वा सहा महिने खुर्चीतून उठेना, तेव्हा तिनं काओर शहरातून एक जुनी जोडसायकल आणली. पुढे एक सीट, मागे एक, मध्ये लांबलचक दांडा. अंगणात उभी करून तिनं त्याचा हात मागच्या हँडलवर ठेवला.

“तेवीस वर्षं तू पुढे बसलास,” ती म्हणाली. “आता माझी पाळी.”

“तुला साधी गाडी मागे घेता येत नाही.”

“सायकल मागे घ्यायची नसते. बस.”

या गोष्टीला दहा वर्षं झाली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला दोघं निघत. रस्ता ठरलेला. गावाबाहेर कपडे धुण्याच्या जुन्या हौदापाशी उजवीकडे वळायचं, माळावर चढायचं, ठेंगण्या ओकच्या झाडांतून आणि दगडी बांधांमधून लुगान्याकला पोचायचं. तिथे ओदेतच्या कॅफेत कॉफी आणि अक्रोडाच्या केकचा तुकडा. मग नागमोडी उतारानं खाली नदीकाठी, आणि नदीकाठानं घरी. चौतीस किलोमीटर. अख्ख्या सकाळीत पाच-सहा मोटारी भेटल्या तर भेटल्या.

एल्वा मागे बसून पेडल मारायचा आणि विचारायचा, “डावीकडे काय दिसतंय?” जिस्लेन सांगायची. रुकेतच्या मेंढ्या झाडाखाली दाटीनं उभ्या आहेत. म्हाताऱ्या सोलांजनं दार रंगवलंय, रंग काही जमलेला नाही. घरात दिवसभरात चार वाक्यं बोलणारी ती बाई सायकलवर बसली की बोलत सुटे. एल्वाला वाटे, डोळे गेल्यावर आपल्याला ही दुसरी बायको मिळाली.

यंदाच्या वसंतात मात्र काहीतरी बिनसलं. मार्चचा शेवट असेल. चढ लागला, एल्वानं नेहमीसारखा श्वास सांभाळून जोर लावला, आणि चढ संपलाच. या चढाला साडेआठशे फेरे लागतात पेडलचे, हे त्याला माहीत होतं. दहा वर्षं मोजत आला होता. आता तीनशेसुद्धा झाले नव्हते.

“पोचलो?” त्यानं विचारलं.

“पोचलो की.”

“इतक्यात?”

“गिअर बदलून घेतलाय. मेकॅनिकनं पुढे मोठं दातेरी चाक बसवलं.”

एल्वानं मान डोलावली. पण तो जन्मभर यंत्राशी खेळलेला माणूस. पुढचं दातेरी चाक मोठं केलं तर फेरे कमी होतात हे खरं, पण मग पायांवर भार पडतो. इथे तर पाय हलके होते. चौसष्टाव्या वर्षी आपल्याला अचानक ताकद आली की काय?

पुढच्या मंगळवारी आणखी एक झालं. डाव्या अंगानं शेणाचा दाट, ओला वास आला.

“डावीकडे काय दिसतंय?”

“रुकेतच्या मेंढ्या. पाच-सहा कोकरं आहेत नवी.”

“वास गायींचा येतोय.”

“खत टाकलं असेल कुणी.”

माळावर कोण खत टाकणार? तिथे बोटभर माती नाही. पण ती म्हणतेय म्हणजे टाकलं असेल. मग झाडांचा आवाज आला; बारीक, सतत सळसळणारा, रिमझिम लागल्यासारखा. असा आवाज पॉपलरचा. पॉपलरला पाय पाण्यात लागतात, ते माळावर कुठून येणार? त्यानं विचारलं, तर ती म्हणाली ओकच आहेत, आज वारा जास्त आहे.

लुगान्याकचं तर गूढच झालं. जिस्लेन म्हणाली, ओदेतच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, ती तुलूजला मुलीकडे गेलीय, कॅफे बंद आहे. तेव्हा थर्मासमधली कॉफी चर्चसमोरच्या बाकावर बसून प्यायची. बाक होता खरा. एल्वानं हातानं चाचपला. पण चर्चचं घड्याळ दहाचे टोले देईना.

“दुरुस्तीला गेलंय,” जिस्लेन म्हणाली.

“आणि उतार? उतार किती सपाट झालाय.”

“नव्यानं डांबर टाकलंय. चाक गुळगुळीत जातं म्हणून वाटतं तुला.”

एकेक उत्तर घेतलं तर पटण्यासारखं होतं. सगळी मिळून मात्र डोक्यात मावत नव्हती. सायकल हौदापाशी वळते, हेही त्याला आता नीट उमगत नसे, कारण सरकारनं हिवाळ्यात तिथे मोठा गोल चौक बांधला होता. त्या चौकाला फेरी मारली की दिशाच हरवायची. उन्हाची ऊब आधी गालावर, मग मानेवर, मग दुसऱ्या गालावर. बाहेर पडल्यावर आपण कुठे तोंड करून आहोत, हे त्याला कळेनासं झालं.

जिस्लेन आपल्याशी खोटं बोलत असेल, ही शंका त्याला आली नाही. तिचा आवाज हेच दहा वर्षं त्याचं जग होतं. त्या आवाजावर संशय घ्यायचा, तर मग उभं कुठे राहायचं? त्यापेक्षा आपलंच डोकं बिघडलंय, हे मानणं त्याला सोपं गेलं. त्याला त्याची आई आठवे. शेवटची दोन वर्षं ती स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणायची, “मला घरी नेऊन सोडा, उशीर झालाय.” माझंही तसंच होणार, एल्वाला वाटू लागलं. आईचं घर हरवलं, माझा रस्ता हरवतोय.

मे महिन्यात गावच्या डॉक्टरीणबाई रक्तदाब पाहायला आल्या. एल्वानं जिस्लेनला काहीतरी निमित्त काढून बागेत पाठवलं.

“माझं डोकं तपासा,” तो हळूच म्हणाला.

“काय होतंय?”

“ओळखीचा रस्ता ओळखू येत नाही.”

बाईंनी तारीख विचारली, वार विचारला. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत म्हणून घेतले. एल्वानं सगळे बरोबर सांगितले, वर मध्येच खोकताना त्यांच्या तोंडून निसटलेला सहावाही.

“अहो देलब्रेय, तुमचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे.”

“मग डोकं रस्त्याचं गेलंय?”

बाई हसल्या. एल्वा हसला नाही. डोकं ठीक असेल, तर माळावर पॉपलर उगवलेत, मेंढ्यांना गायींचा वास येतोय आणि डोंगर निम्म्यानं खचलाय. आणि डोकं ठीक नसेल, तर बाईंनी विचारलं ते प्रश्न चुकीचे होते. त्या रात्री त्यानं लसणीचं सूप अर्धं टाकलं. जिस्लेननं विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, मीठ जास्त झालंय. मीठ बरोबर होतं.

जूनच्या पहिल्या गुरुवारी जिस्लेन बाजाराला गेली. एल्वा एकटा घरी. ओदेतची कंबर कशी आहे, एवढंच विचारावं म्हणून त्यानं कॅफेचा नंबर लावला. तुलूजला असली तर कुणी उचलणार नाही, असा त्याचा अंदाज. दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

“कॅफे.”

“ओदेत? तू परत कधी आलीस?”

“कुठून परत?” ओदेतचा आवाज सत्तर वर्षं सिगारेटी ओढल्यासारखा होता, आणि होताही तसाच. “कोण, एल्वा? अरे वा. मला वाटलं तू मेलास.”

“तुझी कंबर कशी आहे?”

“माझ्या कंबरेची चौकशी शेवटची ज्यानं केली होती, तोही माणूस आता हयात नाही. कंबरेला काय झालंय? तुझं बोल. दोन महिने तोंड दाखवलं नाहीस. कुणाच्या कॅफेत जातोस आता?”

एल्वानं काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात फोनमधून, ओदेतच्या आवाजामागून, टोले ऐकू आले. स्वच्छ, थोडे कर्कश, शेवटचा जरा उशिरानं पडणारा. लुगान्याकचं घड्याळ अकरा वाजवत होतं.

“ऐकतोयस ना? एल्वा?”

“ऐकतोय,” तो म्हणाला. “घड्याळ दुरुस्त झालं वाटतं.”

“कधी बिघडलं होतं?”

त्यानं फोन ठेवला. डोकं ठिकाणावर आहे, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मनात नुसता गुंता. आपण दोन महिने लुगान्याकला गेलोच नाही. मग कुठे गेलो? आणि का? तिला ओदेत नको झाली असेल? की त्या नव्या रस्त्यावर तिचं कुणी राहतं, ज्याच्या दारावरून ती मला घेऊन जाते आणि मेंढ्या दाखवते? हा विचार आला तसा त्याला लाजल्यासारखं झालं. तरी तो गेला नाही. जिस्लेन बाजारातून आली, बकरीचं चीज आणि चेरी आणल्या, बोलली, जेवण झालं. एल्वानं एक शब्द काढला नाही. आधी स्वतःच्या अंगानं खात्री करायची होती.

शुक्रवारी नऊला निघाले. गोल चौक आला. या वेळी त्यानं बाकी सगळं सोडून फक्त उन्हावर लक्ष ठेवलं. माळाकडे जायचं, तर चौकातून पहिल्याच, उजव्या हाताच्या फाट्याला बाहेर पडायला हवं. पहिला फाटा गेला. टायरखाली जाड रंगाचा पट्टा लागला आणि सुटला. दुसरा गेला. सायकल अर्ध्याहून जास्त गोल फिरली आणि मग सरळ झाली. ऊन मानेवर आलं.

“आपण डावीकडे आलो,” एल्वा म्हणाला.

“नाही रे. या चौकात तुला तसं वाटतं.”

एल्वानं पाय थांबवले. जोडसायकलची पेडलं एकाच साखळीनं बांधलेली. मागच्यानं पाय रोवले की पुढच्याचेही थांबतात. जिस्लेननं जोर लावून पाहिला. सायकल डुगडुगली, आणि दोघांनी एकदमच पाय टेकले.

“काय झालं?” ती म्हणाली.

“डावीकडे काय दिसतंय?”

“मेंढ्या—”

“ओदेतशी बोललो मी. काल.”

 पॉपलर सळसळत होते. एक गाय ओरडली, अगदी जवळून, जशी काही तिची ओळख कुणीतरी करून द्यायची राहिली होती.

“गायी आहेत,” जिस्लेन म्हणाली. “पहिल्यापासून गायीच आहेत. आपण नदीकाठच्या रस्त्यानं जातो. मधल्या टेकाडावरून पलीकडे, आणि दुसऱ्या काठानं परत. मार्चपासून.”

“का?”

तिनं सायकल कडेला लावली आणि त्याला हात धरून बांधावर बसवलं. 

“तुला तो दिवस आठवतो? मार्चमधला, लुगान्याकच्या उतारावर. तिसऱ्या वळणावर जोराचा वारा अंगावर आला, आणि तू म्हणालास, काय मजा आहे, अजून सोड.”

“आठवतो.”

“तो वारा नव्हता. व्हॅन होती. रस्त्याच्या मधून वर येत होती. मी ब्रेक दाबला, मागचं चाक खडीवर सरकलं. तिचा आरसा माझ्या हातापासून एवढा लांब होता,” तिनं त्याचा अंगठा आणि तर्जनी धरून दाखवलं, “आणि या बाजूला तो गुडघाभर कठडा. तुला माहितीये कठड्यापलीकडे काय आहे. व्हॅनवाला थांबलासुद्धा नाही. आणि मागे तू गाणं म्हणत होतास.”

एल्वाला गाणं आठवलं. कुठलं ते आठवलं नाही.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होते. मंगळवारी चौकात आले आणि माझे हात वळलेच नाहीत. वर गेलं की खाली यावं लागणार. ठरवलं, आजचा दिवस इकडून जाऊ, थांबलो की सांगू. तेवढ्यात तू विचारलंस, रुकेतची कोकरं आली का? मी म्हटलं, आली. एकदा कोकरं आली म्हटल्यावर...” ती थांबली. “मग चढ आणावा लागला, गिअर आणावा लागला. ओदेतची कंबर मोडावी लागली. रोज रात्री उद्याचं ठरवून ठेवायचे. कचेरीत तीस वर्षं कागद लिहिले, पण इतकं खोटं कधी लिहिलं नव्हतं.”

“मला वाटलं, मी आईसारखा झालो.”

“म्हणजे?”

“डोकं गेलं वाटलं. डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतलं, तू बागेत असताना.”

जिस्लेनला हे माहीत नव्हतं. तिनं दोन महिने त्याला सगळं बारकाईनं सांगितलं होतं, पण त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. पुढे बसलेल्याला मागचा दिसत नाही. ती रडू लागली, आवाज न करता. एल्वाला ते शेजारी टेकलेल्या तिच्या खांद्यावरून कळलं. तिला जवळ घ्यावं की रागवावं, त्याला ठरवता येईना. राग होता. पण ती तिकडे पुढे बसून एकटी घाबरत होती आणि आपण मागे गात होतो, हेही होतं. त्यानं हात पुढे केला, तो तिच्या हेल्मेटवर पडला. त्यानं तो तिथेच ठेवला.

“मग खरं काय होतं?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं. “निळ्या खिडक्यांचं नवं घर?”

“नाही.”

“रुकेतचा लंगडा कुत्रा?”

“तो आहे, पण वरती. गेल्या वर्षीचा आठवून सांगितला.”

“आणि ती बाई, दर शुक्रवारी गालिचा झटकणारी? जी आपल्याला हात करते?”

“ती खरी आहे. पहिल्या फार्मवर राहते. तिला वाटतं तू मुद्दाम हात करत नाहीस.”

एल्वानं मान हलवली. त्याला त्या निळ्या खिडक्यांचं वाईट वाटलं. मनात त्यानं त्या घरात माणसं राहायला पाठवली होती.

त्या दिवशी ते तिथूनच परतले. पुढचा मंगळवार चुकवला. शुक्रवारीही सायकल शेडमध्येच राहिली. घरात दोघं एकमेकांशी फार जपून वागत होती. मीठ हवंय का, खिडकी लावू का. एल्वा मधूनच विचारी, बाहेर काय दिसतंय? आणि ती सांगे, तेव्हा तो क्षणभर थांबे. तो थांबतो हे तिला कळे. तो तरी काय करणार, कुठलं वाक्य कसं घ्यायचं हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं.

शेवटी त्यानंच विषय काढला.

“वर जाऊ. चढू सायकलवरून, उतरू चालत.”

“साडेतीन किलोमीटर सायकल ढकलत?”

“मला ढकलत नेतेस दहा वर्षं.”

“तू पेडल मारतोस.”

“खाली मी ब्रेक धरीन. चल.”

ते गेले. साडेआठशे फेरे पुरते झाले, वर एल्वाचा जीव मेटाकुटीला आला आणि त्याला फार बरं वाटलं. लुगान्याकला ओदेतनं दोघांपुढे केक आपटला, “कंबर बरी आहे माझी, विचारल्याबद्दल आभार,” एवढं जिस्लेनकडे बघून बोलली, आणि दुसरा तुकडा न मागता वाढला. तिला एल्वानं मागाहून फोन करून थोडं सांगितलं होतं, सगळं नाही.

मग उतार. जिस्लेन डावीकडून, एल्वा उजवीकडून, मध्ये सायकल. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर ती थांबली.

“इथे,” ती म्हणाली.

एल्वानं वाकून हातानं कठडा शोधला. खरंच गुडघ्याएवढाच होता. बसच्या उंच सीटवरून तो हजारदा इथून गेला होता, पण कठडा इतका बुटका आहे हे कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यानं एक खडा उचलून पलीकडे टाकला. आवाज यायला वेळ लागला. इतका वेळ लागला, की खडा टाकला हेच तो विसरत आला होता. आवाज आल्यावर तो बराच वेळ कठड्याला धरून राहिला.

वरून चाकांचा आवाज आला. तीन-चार सायकलवाले भरधाव उतरत होते; त्यांच्यातला एक थांबला. तरुण आवाज, बाहेरगावचा.

“ब्रेक गेलेत का? माझ्याकडे अवजारं आहेत.”

“ब्रेक ठीक आहेत,” जिस्लेन म्हणाली. “मला भीती वाटते.”

 “हो का,” तो म्हणाला, “बरोबर आहे, खडी आहे,” आणि पुढे गेला. एल्वानं ऐकलं, तो आधीपेक्षा सावकाश गेला.

दोघं चालू लागले. नदीकाठी पोचायला एक तासाहून जास्त लागला. एल्वाच्या बुटात खडे गेले. वाटेत जिस्लेन फारसं काही बोलली नाही. त्यानंही विचारलं नाही. चौथं वळण येऊन गेलं की यायचंय, यावरून मात्र दोघांचा थोडा वाद झाला. एल्वा म्हणत होता गेलं, ती म्हणत होती नाही. तिला दिसत होतं, म्हणून त्यानं ऐकलं. आणि वीस पावलांवर रस्ता खरंच वळला.

आता मंगळवारी ते असेच जातात. घरी यायला दीड वाजतो, जेवण थंड होतं. शुक्रवारी नदीकाठ, गायींच्या रस्त्यानं. तिथे पहिल्या फार्मपाशी जिस्लेन “आता” म्हणाली की एल्वा हात करतो.